युद्धनौकेच्या रिफिटचा खर्च आवरायचा कसा: गोदीआधीच्या पाहणीपासून समुद्र चाचणीपर्यंत

रिफिटचं, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीचं आणि नूतनीकरणाचं, अंदाजपत्रक फुगलं की पहिलं बोट पोलादाच्या भावाकडे आणि मजुरीच्या दराकडे जातं. दर वाढतात हे खरं, पण ते दरवर्षी वाढतात, सगळ्यांना माहीत असतात आणि निर्देशांक लावून आधीच धरता येतात. अंदाजपत्रकाचं कंबरडं मोडतं ते जहाज उघडल्यावर सापडलेल्या कामामुळे. अमेरिकेच्या जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०२० साली तिथल्या चार सरकारी नौदल गोद्यांचा हिशोब मांडला. २०१५ ते २०१९ या आर्थिक वर्षांत संपायच्या विमानवाहू नौकांच्या आणि पाणबुड्यांच्या ५१ दुरुस्त्यांपैकी ३८ उशिरा संपल्या, आणि उशीर एकूण ७,४२४ दिवसांचा भरला. मुख्य कारणं दोन निघाली: आराखडा पक्का झाल्यानंतर सापडलेलं काम आणि अपुरं मनुष्यबळ. रशियाच्या 'अॅडमिरल गोर्शकोव्ह' या जुन्या नौकेची भारतासाठी 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका करण्याचा करार २००४ साली सुमारे ९७ कोटी डॉलरचा होता, २०१० साली तो २३५ कोटींवर गेला. जुन्या जहाजात किती केबल आणि किती यंत्रणा बदलाव्या लागतील, याचा सुरुवातीचा अंदाज फार तोकडा होता.

म्हणून खर्च आवरायचा तर जहाज गोदीत शिरण्याआधी पैसे आणि माणसं पाहणीवर लावा. कामाची यादी लिहिणारे, अंदाजपत्रक मांडणारे आणि वाढीव बिलावर सही करणारे, तिघांसाठी ही पद्धत लिहिली आहे.

आधी बघा, मग यादी करा

पाहणी गोदीप्रवेशाच्या नऊ ते बारा महिने आधी सुरू करा. त्याहून उशीर झाला तर पाहणीत सापडलेल्या कामाचे सुटे भाग वेळेत येत नाहीत, आणि पाहणीचा अर्धा फायदा तिथेच बुडतो.

गंज कुठे असतो हे बहुतेक ठरलेलं असतं. मशिनरीखालचा बिल्ज, म्हणजे जहाजाचा सर्वांत खालचा खोलगट भाग, जिथे पाणी आणि तेल साचून राहतं. बॅलास्ट टाक्यांचा (तोल राखण्यासाठी पाणी भरायच्या टाक्यांचा) वरचा एक तृतीयांश भाग, जिथे पृष्ठभाग कधी ओला, कधी कोरडा असतो. साखळी ठेवायची कोठी. न्हाणीघरं आणि मुदपाकखान्यातल्या टाइल्सखालचा डेक. सी चेस्टच्या, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तळाच्या कप्प्यांच्या, आतल्या बाजू. लॅगिंगने (उष्णतारोधक आवरणाने) झाकलेलं बाहेरचं प्लेटिंग, जिथे घाम सुटतो आणि तो कुणाला दिसत नाही. मोकळ्या, रंगवलेल्या, डोळ्यांसमोर असलेल्या प्लेटची जाडी शंभरदा मोजली जाते, आणि जिथे हात पोचत नाही तिथे एकही रीडिंग नसतं. यादीतली मोठी चूक बहुधा हीच.

जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजा. प्रत्येक प्लेटवर किमान पाच रीडिंग घ्या, चार कोपऱ्यांजवळ आणि एक मध्ये. रंग काढायचा नसेल तर गेज एको-टू-एको पद्धतीवर ठेवा, नाहीतर रंगाची जाडीही पोलाद म्हणून मोजली जाते आणि प्लेट आहे त्यापेक्षा धडधाकट दिसते. मूळ जाडीच्या २० ते २५ टक्के झीज झाली की सहसा प्लेट बदलावी लागते. नेमकी मर्यादा त्या जहाजाच्या वर्गाच्या कागदपत्रांतून घ्या, कारण तळाच्या कण्याजवळची आणि वरच्या डेकची मर्यादा सारखी नसते. खड्ड्यांची सरासरी काढू नका. सर्वांत खोल खड्डा वेगळा नोंदवा. पाणी आत येतं ते तिथून.

बारीक झीज सुटू नये म्हणून पाइपही बघा. समुद्राच्या पाण्याचे ९०/१० कॉपर-निकेल पाइप सरळ भागात टिकतात आणि वळणाच्या, टी-जॉइंटच्या किंवा अर्धवट उघड्या ठेवलेल्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे झिजतात, कारण तिथे प्रवाह उसळतो आणि आतला संरक्षक थर खरवडून नेतो. एका सिस्टिममध्ये सहा वळणं मोजलीत तर सरळ पाइपवरच्या साठ रीडिंगपेक्षा जास्त कळेल.

अॅल्युमिनियमचं सुपरस्ट्रक्चर, म्हणजे मुख्य डेकवरचं बांधकाम, असेल तर तडे शोधा. जास्त मॅग्नेशियम असलेले मिश्रधातू उन्हातान्हात वर्षानुवर्षं राहिले की धातूच्या कणांमधल्या सीमांवर कमकुवत होतात आणि ताणाखाली तडकतात. अमेरिकेच्या टिकॉन्डेरोगा वर्गाच्या क्रूझरना ५४५६ मिश्रधातूमुळे हाच त्रास झाला. अशा प्लेटवर सरळ वेल्डिंग केलं तर तडा शिवणीच्या शेजारी पुन्हा उघडतो, म्हणून वेल्डिंगच्या आधी तिथला धातू किती बिघडलाय याची चाचणी यादीत लिहा.

एक प्लेट म्हणजे किती काम

समजा, सहायक मशिनरी कंपार्टमेंटच्या बिल्जमध्ये २ मीटर बाय ३ मीटरची, ८ मिलिमीटर जाडीची प्लेट बदलायची आहे. एक चौरस मीटर पोलादाचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला ७.८५ किलो. म्हणजे ६ × ८ × ७.८५ = सुमारे ३७७ किलो. अंदाजपत्रकात दर किलोचा भाव घालून हा आकडा लिहिला जातो आणि काम 'किरकोळ' ठरतं.

आता त्या प्लेटपर्यंत पोचायला काय काय लागतं ते लिहून काढा. वरच्या फ्लोअर प्लेट उचलायच्या. बिल्ज रिकामा करून तेलकट पाणी विल्हेवाटीला द्यायचं, घासून साफ करायचं, धोकादायक वायू नसल्याचा गॅस-फ्री दाखला घ्यायचा. आड येणारे पाइप सोडवायचे, त्यांना खुणा करायच्या, तोंडं बंद करायची. केबल ट्रे बाजूला घ्यायचा किंवा आगरोधक कापडाने झाकायचा. प्लेटला टेकून असलेला पंप त्याच्या फाउंडेशनसकट उचलायचा, म्हणजे परत बसवताना अलाइनमेंट, म्हणजे सरळ रेषेत जुळवणं, आलं. शेजारच्या टाकीत इंधन असेल तर तीही रिकामी करून साफ करायची. मग कापणं, कडा घासणं, प्लेट बसवणं, वेल्डिंग, शिवणींची तपासणी, टाकीची दाबचाचणी, ब्लास्टिंग (ग्रिटचा मारा करून गंज काढणं), रंगाचे थर, आणि सगळं उलट क्रमाने परत जोडून पंप चालवून दाखवणं.

पोलादाचा खर्च या सगळ्यात अगदी थोडा असतो. म्हणून यादीत दोन आकडे वेगळे लिहा: मुख्य काम आणि वाट मोकळी करण्याचं काम. दुसरा आकडा वेगळा दिसला की एक गोष्ट लगेच सुचते: तोच पंप ओव्हरहॉललाही जाणार आहे का? तेच पाइप बदलायचे आहेत का? एकदाच वाट मोकळी करून तीन कामं उरकता येतात. तीन वेगवेगळ्या विभागांनी तीन वेगवेगळ्या महिन्यांत तोच पंप उचलला तर पैसे तीनदा जातात. असं घडतं, आणि बिल आल्यावरच लक्षात येतं.

यादीतली ओळ कशी असावी

'सी व्हॉल्व्ह दुरुस्त करणे' ही ओळ म्हणजे कंत्राटदाराच्या हाती दिलेला कोरा चेक आहे. ओळ अशी लिहा: कोणता व्हॉल्व्ह, कोणत्या फ्रेमजवळ (सांगाड्याच्या बरगडीजवळ), कोणत्या बाजूला, आकार, उदाहरणार्थ १५० मिलिमीटर, बॉडीचा धातू, उतरवणं, सीट आणि डिस्क घासून बसवणं, स्पिंडल, ग्लँड पॅकिंग आणि बोल्ट बदलणं, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने वर्कशॉपमध्ये चाचणी, सुटे भाग कोण पुरवणार, बॉडी बाद निघाली तर नवा व्हॉल्व्ह कोणत्या दराने. शेवटचा मुद्दा विसरू नका. ब्राँझच्या बॉडीतून समुद्राच्या पाण्यात निवडक धातू विरघळून जातो, वरून रंग जेमतेम बदललेला दिसतो आणि हातोडीच्या एका टोल्याने तुकडा पडतो.

यादीचे तीन भाग पाडा आणि तिघांना वेगवेगळे नियम लावा. पहिला भाग मोजून झालेल्या कामाचा. त्याला ठरावीक रक्कम. दुसरा 'उघडून बघा' कामाचा. त्याला दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात उघडणं, साफ करणं, मोजणं आणि अहवाल, याची किंमत ठरावीक. दुसऱ्या टप्प्यासाठी निविदेतच दरपत्रक बांधून घ्या: दर किलो पोलाद, दर चौरस मीटर ब्लास्टिंग, दर पाइप जोड, दर मीटर केबल. जहाज गोदीत ब्लॉकवर, म्हणजे तळाखालच्या ठोकळ्यांवर, बसल्यावर भाव ठरवायला बसलात तर घासाघीस करायला तुमच्या हाती काहीच उरत नाही, कारण तळ उघडं जहाज दुसऱ्या गोदीत नेता येत नाही. तिसरा भाग आधुनिकीकरणाचा. त्याची ड्रॉइंग मंजूर नसतील तर ते काम या रिफिटमध्ये घेऊच नका. ड्रॉइंग नंतर येतील या भरवशावर घेतलेलं काम रंगवून झालेल्या कंपार्टमेंटमध्ये पुन्हा गॅस कटर घेऊन जातं.

करारच सरसकट ठरावीक रकमेचा केला तर? अमेरिकन नौदलाने पृष्ठभागावरच्या जहाजांसाठी २०१५च्या सुमारास खर्च-अधिक-नफा पद्धत सोडून ठरावीक रकमेची पद्धत धरली. किमतीवर लगाम बसतो, पण यादी कच्ची असली की प्रत्येक नवं काम स्वतंत्र वाटाघाटीला जातं आणि तेवढे दिवस गोदी थांबते. यादी पक्की असेल तरच ही पद्धत फायद्याची.

सुट्या भागांचं वेळापत्रक यादीला जोडा. शाफ्टचं फोर्जिंग, गिअरबॉक्सचे बेअरिंग, गॅस टर्बाइनचे गरम भाग, जुन्या नियंत्रण पॅनेलची कार्डं या गोष्टी महिनोन्‌महिने आधी मागवाव्या लागतात. कार्डांचं उत्पादनच बंद झालेलं असू शकतं. भाग नाही म्हणून दुसऱ्या जहाजाचा काढून बसवायचा, हा मार्ग स्वस्त वाटतो. पण त्यात एकाच भागासाठी दोनदा काढणं आणि दोनदा बसवणं येतं, आणि दुसरं जहाजही अडतं.

आकडे मांडताना

गोदीच्या एका दिवसाची किंमत सर्वांत आधी काढा. गोदीचं भाडं, किनाऱ्यावरची वीज, थंड पाणी आणि अग्निशमन पाण्याचा पुरवठा, क्रेन, स्कॅफोल्डिंगचं (परांचीचं) भाडं, पहारा, फायर वॉच (आगीवर लक्ष ठेवणारी माणसं), देखरेखीचे पगार. एकाही वेल्डरने टॉर्च पेटवला नाही तरी हा खर्च चालूच राहतो. हा आकडा समोर असला की निर्णय सोपे होतात: जादा पाळी लावून तीन दिवस वाचत असतील आणि पाळीचा खर्च तीन गोदी-दिवसांहून कमी असेल, तर लगेच मंजूर करा. मात्र ते काम खरोखर गोदीची मुदत ठरवणारं असलं पाहिजे. बाकीच्या कामांवर ओव्हरटाइम लावून एकही दिवस वाचत नाही.

रंगाचा हिशोब अंदाजाने करू नका. बुडालेल्या भागाचं क्षेत्रफळ साधारण असं निघतं: १.७ × लांबी × ड्राफ्ट (पाण्याखालची खोली), अधिक विस्थापित पाण्याचं घनफळ भागिले ड्राफ्ट. १२० मीटर लांब, ४.५ मीटर ड्राफ्टचं, ३,८०० टनांचं जहाज घ्या. घनफळ सुमारे ३,७०७ घनमीटर. क्षेत्रफळ ९१८ अधिक ८२४, म्हणजे १,७४२ चौरस मीटर. १२५ मायक्रॉन सुक्या थरासाठी, ८० टक्के घनांशाचा रंग असेल तर १,७४२ × १२५ भागिले (८० × १०), म्हणजे २७२ लिटर. फवारणीत उडणारा आणि खरबरीत पृष्ठभागात मुरणारा रंग धरून ४० टक्के वाढवा: सुमारे ३८० लिटर, एका थराला. फवारताना ओला थर १५६ मायक्रॉनच्या आसपास दिसला पाहिजे.

राखीव रक्कम म्हणून सगळ्यावर सरसकट दहा टक्के लावणं ही पळवाट आहे. मागच्या तीन-चार रिफिटची बिलं काढा आणि प्रणालीवार बघा: मूळ किती धरलं होतं, शेवटी किती लागलं. टाक्या आणि बिल्ज बहुतेक वेळा सर्वांत जास्त वाढलेले दिसतील, इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती कमी. राखीव रक्कम त्याच प्रमाणात वाटा.

गोदीतले पहिले आठवडे

डॉकिंग प्लॅनमध्ये मागच्या वेळचे ब्लॉक कुठे होते ते बघा आणि या वेळी ते सरकवा. ब्लॉकखालच्या भागापर्यंत ब्लास्टिंग आणि रंग पोचत नाही; दोन रिफिट तोच भाग झाकला गेला तर तिथली प्लेट खाल्ली जाते. पाणी उपसताना जहाजाचा मागचा भाग आधी टेकतो आणि त्या क्षणी स्थिरता घटते. त्यामुळे ट्रिम (पुढच्या आणि मागच्या टोकांच्या ड्राफ्टमधला फरक) आणि टाक्यांची पातळी ठरलेल्या आकड्यांवरच ठेवा.

तळ उघडा पडताच, शेवाळ आणि शिंपले सुकायच्या आत, उच्च दाबाच्या गोड्या पाण्याने धुऊन घ्या. सुकल्यावर तेच काम दुप्पट वेळ खातं. मग रडरची (सुकाणूची) क्लिअरन्स, शाफ्टची बेअरिंगमधली झीज आणि प्रोपेलरची पाती तपासा.

यानंतरचा एक नियम कसोशीने पाळा: 'उघडून बघा' गटातलं प्रत्येक काम पहिल्या तीन आठवड्यांत उघडलंच पाहिजे. गोदी सहसा उलटं करते. ओळखीची, मोजलेली कामं आधी घेते, कारण त्यांचं बिल लवकर निघतं. मग चौथ्या महिन्यात टाकी उघडते, फ्रेम कुजलेल्या सापडतात, आणि रंगवलेलं, जोडलेलं सगळं पुन्हा सोडावं लागतं. त्याच फ्रेम दुसऱ्या आठवड्यात सापडल्या असत्या तर त्या इतर कामांच्या सावलीत उरकल्या असत्या. बिलाचे टप्पेच असे बांधा की उघडण्याच्या अहवालांचे पैसे सर्वांत आधी मिळतील.

नवं काम सापडलं की ४८ तासांत एक पान तयार व्हावं: फोटो, मोजलेलं परिमाण, दरपत्रकातला दर, लागणारे दिवस, आणि ते मुदतीवर परिणाम करतं की नाही. निर्णय तीनच असतात: आत्ता करा, पुढच्या गोदीपर्यंत लक्ष ठेवून चालवा, किंवा तात्पुरतं मजबूत करा. 'नंतर बघू' हा निर्णय नाही. तो सर्वांत महाग पडतो.

रंगाच्या दिवसांत घाई अंगाशी येते. ब्लास्टिंग एसए २.५ दर्जाचं, म्हणजे पोलाद जवळजवळ पूर्ण स्वच्छ करणारं, हवं, पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त, आर्द्रता ८५ टक्क्यांखाली. क्षारांची चाचणी केल्याशिवाय पहिला थर मारू नका. पोलादावर राहिलेलं मीठ रंगातून ओलावा ओढतं आणि वर्षभरात फोड येतात. शिवणी, कडा आणि छिद्रांना आधी ब्रशने थर द्या, कारण फवारलेला रंग धारेवरून ओघळतो. दोन थरांमधली कमाल मुदत उलटली तर पृष्ठभाग पुन्हा खरबरीत करावा लागतो, म्हणजे स्कॅफोल्डिंग, ग्रिट आणि दिवस, तिन्ही पुन्हा.

टाकीत उतरण्याआधी ऑक्सिजन १९.५ ते २२ टक्क्यांच्या मध्ये आणि ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांखाली असल्याचं त्या दिवशीचं रीडिंग पाहिजे. कालचा दाखला आज चालत नाही.

आणि आग. वेल्डिंग, कटिंग चालू असताना माणूस फक्त ठिणगीच्या बाजूला उभा करू नका, बल्कहेडच्या (कंपार्टमेंटमधल्या भिंतीच्या) पलीकडेही उभा करा. तिथलं लॅगिंग, केबल आणि रंग गरम होतात आणि इकडून काही दिसत नाही. काम थांबल्यावर किमान अर्धा तास, बंदिस्त जागी तासभर पहारा ठेवा. १२ जुलै २०२० रोजी 'बॉनहोम रिचर्ड' ही अमेरिकन नौका दुरुस्ती चालू असताना पेटली आणि चार दिवसांहून जास्त जळत राहिली. चौकशीत तिची ८७ टक्के अग्निशमन केंद्रं चालू स्थितीत नव्हती असं आढळलं. दुरुस्तीचा अंदाज २५० ते ३२० कोटी डॉलरचा आला आणि जहाज भंगारात गेलं. जहाजाची फायर मेन, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची मुख्य लाइन, दुरुस्तीला काढताना पर्यायी लाइन आधी जोडा, दाब दाखवा, मगच जुनी सोडा.

आधुनिकीकरणाचं वजन

नवा रडार किंवा लाँचर बसवताना त्याची किंमत दिसते, मागे येणारी रांग दिसत नाही: जादा वीज, जादा थंड पाणी, केबलसाठी बल्कहेडमधली छिद्रं, फाउंडेशनखालचं मजबुतीकरण. वजनाची वहीही ठेवा. ३,८०० टनांच्या जहाजावर गुरुत्वमध्यापासून १० मीटर उंचीवर २० टन चढवले तर गुरुत्वमध्य सुमारे ५ सेंटिमीटर वर सरकतो. प्रत्येक विभाग 'थोडंसंच' चढवतो, आणि शेवटी इन्क्लाइनिंग चाचणीत (जहाज थोडं कलवून स्थिरता मोजण्याच्या चाचणीत) स्थिरता कमी भरली की तळाशी बॅलास्ट, म्हणजे जादा वजन, टाकावा लागतो. त्याने वेग आणि इंधन दोन्ही जातं. वापरातून बाद झालेली केबलसुद्धा उतरवा आणि तोलून वहीत लिहा. ती उतरवली नाही तर जुन्या जहाजात काही टन तसंच पडून राहतं.

गोदीबाहेर आणि समुद्रात

पाणी सोडताना सी चेस्ट बुडाले की थांबा. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ माणूस पाठवा, गळती तपासा, सगळ्यांचा निरोप आल्यावरच पुढे जा. या टप्प्यावर गळती सापडली तर पाणी उतरवायला काही तास लागतात. जहाज बाहेर पडल्यावर सापडली तर गोदीची पुढची रिकामी तारीख शोधावी लागते.

शाफ्टचं शेवटचं अलाइनमेंट जहाज तरंगत असतानाच करा. ब्लॉकवर बसलेलं हल (जहाजाचं मुख्य धड) आणि पाण्यातलं हल यांचा आकार वेगळा असतो. टाक्या ठरलेल्या पातळीवर ठेवून, भल्या पहाटे मोजा. ऊन चढलं की एक बाजू तापून वाकते आणि रीडिंग हलतात.

नवे कॉपर-निकेल पाइप चाचणीनंतर बंदराच्या घाण पाण्याने भरून ठेवू नका. सल्फाइडमुळे आतला संरक्षक थर नीट धरत नाही आणि नवा पाइप काही महिन्यांत टोचल्यासारखा गळू लागतो. गोड्या पाण्याने धुऊन कोरडे ठेवा, किंवा स्वच्छ समुद्रात गेल्यावर पाणी वाहतं ठेवा.

समुद्र चाचणीत पूर्ण शक्तीची फेरी कमी करू नका. 'विक्रमादित्य'च्या बॉयलरमधल्या इन्सुलेशनचा दोष २०१२च्या चाचण्यांत वेग वाढवल्यावरच उघड झाला, आणि सुपूर्तीला साधारण वर्षभर उशीर झाला. बंदरात कमी भारावर सगळं ठीक दिसतं. तापमान स्थिर होईपर्यंत पूर्ण भारावर चालवा, बेअरिंगची तापमानं आणि कंपनं दर पंधरा मिनिटांनी लिहा, आणि स्वच्छ तळाचा वेग आणि शाफ्टची शक्ती यांची जोडी नोंदवून ठेवा. पुढे तळावर शेवाळ किती चढलं हे त्याच जोडीशी ताडून कळतं.

हमीची मुदत संपायच्या सहा आठवडे आधी जहाजावर एक फेरी ठरवा. नव्या जाडीची रीडिंग घ्या, बदललेल्या प्लेटवरचे रंगाचे फोड आणि पाइप जोडांवरचे हिरवे डाग मोजा, प्रत्येक कामाला खरोखर किती तास लागले ते यादीतल्या ओळीसमोर लिहा, आणि ती यादी पुढच्या रिफिटच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा.